दूरशिक्षणातून शिकलेले इंदूरकर, या धाग्यावर या

तिलकनगरची
काल माळा आवरायला काढला तर जुन्या सुटकेसमधून असाइनमेंटची चळत निघाली. फुलस्केप कागद, हिरव्या दोऱ्यात ओवलेले, वर एनरोलमेंट नंबर. नऊ आकडे. चौदा वर्षं झाली तरी तोंडपाठ आहे. नवऱ्याचा मोबाइल नंबर नाही पाठ.

आठवण निघायला कारण भाची. बारावी झाली, सियागंजात एका दुकानी अकाउंटला लागली, आणि म्हणते, "मावशी, बीकॉम डिस्टन्सनं करते गं, घरी बसूनच तर आहे." हे "घरी बसूनच" ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

मी इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, एमए केलं. वर्षाची फी भरली, पुस्तकांचं पार्सल आलं, अभ्यासही केला. परीक्षेचा फॉर्म वेगळा आणि त्याची फीसुद्धा वेगळी, हे माझ्या गावीच नव्हतं! डिसेंबरात स्वेटर घालून सेंटरवर हजर. चौकीदारकाकांनी यादीवरून बोट खाली नेलं, परत वर आणलं, परत खाली नेलं. "बेटा, तुम्हारा नाम तो है ही नहीं." चूक सर्वस्वी माझीच. सहा महिने गेले. घरी कुणाला सांगितलं नाही, राजवाड्यावर दोन तास बसून मग परतले.

तर भाचीला काय काय सांगू? तुमच्यावर काय गुदरलं ते लिहा.

सेव_परमल
हाताने लिहायच्या असाइनमेंट!! आधी हेच सांगा तिला. आमच्या एकाने टाइप करून स्पायरल बाइंडिंग करून दिल्या, कव्हरला रंगीत कागद वगैरे. परत. आणि दर सत्राचे प्रश्न वेगळे असतात, मागच्या वर्षीचे उतरवून दिले की गेले पाण्यात. इग्नूत बहुतेक कोर्सला ३० टक्के वजन असाइनमेंटचं, ७० पेपरचं, आणि दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. पेपरात ८० पडले तरी असाइनमेंट दिली नसेल तर तो विषय "नॉट कम्प्लीटेड" दाखवत राहतो

एबीरोड
ताई राजवाड्यावर दोन तास बसून काय खाल्लं ते नाही सांगितलं

तिलकनगरची
@एबीरोड काही नाही रे. रडायचं की कचोरी खायची, एकच काहीतरी होतं तेव्हा.

निवृत्त_बाबू
मी नोकरीत बरीच वर्षं कागद तपासायच्या टेबलावर होतो, म्हणून जरा लांबण लावतो. माफ करा.

विद्यापीठाचं नाव मोठं आहे एवढं बघून भागत नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. त्याचा दूरशिक्षण विभाग, ज्याला डीईबी म्हणतात, तो मान्यता देतो ती विद्यापीठाला, अभ्यासक्रमाला आणि सत्राला धरून. म्हणजे त्याच विद्यापीठाचा बीए मान्य आणि एखादा एमएससी नाही, असं असू शकतं. गेल्या वर्षी होतं आणि या वर्षी नाही, असंही. यादी डीईबीच्या साइटवर असते. प्रवेशाच्या दिवशी तिचा प्रिंट काढून फाइलला लावा. दहा वर्षांनी कुणी बाबू विचारील तेव्हा तोच कागद कामाला येतो. मी स्वतः विचारत असे.

दुसरं, राज्याच्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची हद्द राज्यापुरतीच. भोपाळचं भोज मुक्त विद्यापीठ (१९९१ चं) मध्य प्रदेशासाठी. परराज्यातल्या विद्यापीठाचं "अधिकृत सेंटर" इंदुरात एखाद्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर दिसलं तर जिना चढू नका. इग्नू केंद्राचं, १९८५ च्या कायद्याने झालेलं, ते देशभर चालतं. ऑनलाइन पदवीला हद्दीची अट नाही, पण मान्यता तिथेही बघावीच लागते.

तिसरं. इंजिनिअरिंग, डॉक्टरी, फार्मसी, नर्सिंग, वकिली दूरशिक्षणातून होत नाही. काही अभिमत विद्यापीठांनी इंजिनिअरिंगच्या पदव्या तशा वाटल्या होत्या. २०१७ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि नोकरीला लागलेल्या लोकांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं.

भंवरकुआ_पीजी
काका हे सगळं पिन करून ठेवा कुणीतरी 🙏 मी पीएससीचा अभ्यास करून राहिलोय सोबत एमए चालू आहे. मुलाखतीत "डिस्टन्स का?" विचारतात म्हणे, त्याची धाकधूक आहे

निवृत्त_बाबू
@भंवरकुआ_पीजी सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूर आणि ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. ते पत्रक मोबाइलमध्ये ठेव. बाकी "का?" विचारलंच तर खरं कारण सांग. खोटं कारण लगेच कळतं.

महूवाली
मिस्टर फौजेत. बीए सुरू केलं महूत, दुसरं वर्ष जोधपूर, तिसरं कुठेतरी ईशान्येला. इग्नूत रीजनल सेंटर बदलून मिळतं हे फार बरं आहे, पण अर्ज वेळेत करा, आणि जुन्या सेंटरला दिलेल्या असाइनमेंटची पोचपावती जपा! माझ्या पावत्या रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये होत्या म्हणून वाचले. तीन असाइनमेंटचे मार्क चढलेच नव्हते.

आणि रविवारी जे असतं ते "काउन्सेलिंग", क्लास नव्हे. सर शिकवतील म्हणून गेलात तर ते विचारतात, शंका काय आहेत? मी मान खाली. पुस्तकच उघडलं नव्हतं तर शंका कुठून येणार 😂 प्रॅक्टिकलवाल्यांना मात्र हजेरी लागतेच, बरं का.

सेव_परमल
@महूवाली महूत कुठे? माझी आत्या तिथे पोस्टाजवळ राहायची

महूवाली
क्वार्टर्समध्ये हो. पोस्टाजवळ एक काकू खाकरे विकायच्या, त्या तर नव्हेत?

सेव_परमल
त्याच आत्या!!! 😄

बालवाडीबाई
माझं ऐका. बालवाडीत शिकवत होते, एक जण भेटला, म्हणाला घरबसल्या बीएड, हजेरी नाही काही नाही. पंचेचाळीस हजार दिले, बांगड्या मोडून. वर्षभराने त्याचा फोन बंद, ऑफिसला कुलूप, बाहेर मोबाइल कव्हरचं दुकान. नंतर कळलं, दूरशिक्षणाचं बीएड असतं पण ते आधी शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी, मान्यता एनसीटीईचीही (शिक्षक-प्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) लागते, आणि इग्नूत तर प्रवेश परीक्षा. ती अट मी पूर्ण करतच नव्हते! फॉर्मवर पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. पण पहिलं पान वाचतं कोण, "सही इथे करा" म्हटलं की केली.
नवऱ्याने आजवर एका शब्दाने टोकलं नाही. त्याचंच जास्त वाटतं.

तिलकनगरची
@बालवाडीबाई अगं 😔 वाचून गलबलून आलं. आता काय करतेस?

बालवाडीबाई
आता पाळणाघर चालवते, एकवीस मुलं आहेत. आत्ताही एक मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय

एबीरोड
जरा उलटी गोष्ट. आई सातवी शिकलेली, लग्न होऊन खरगोनकडून इंदुरात आली, पण शिकायचं मराठीतच असा हट्ट. मामा धुळ्याला. त्याच्या पत्त्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नाव घातलं. १९८९ ला सुरू झालेलं, बारावी नसली तरी पूर्वतयारी परीक्षा देऊन बीएला बसता यायचं. परीक्षेला एबी रोडने एसटीने धुळे. सेंधव्याच्या घाटात पुस्तक उघडायची आणि उलटी व्हायची, म्हणून मी शेजारी बसून वाचून दाखवायचो. आठवीत होतो. तिचा समाजशास्त्राचा अभ्यास मलाच जास्त झाला.
पदवी आली तेव्हा आजीने देवापुढे ठेवली. पुढे मात्र एका ठिकाणी बारावीची मार्कशीट मागितली आणि तिथे अडलं. तेव्हा बारावी न करता हा रस्ता धरणाऱ्यांनी पुढे कुठे अर्ज करायचाय ते आधी बघून घ्यावं. आईला नोकरी करायचीच नव्हती म्हणा.

खजुरीबाजार
गाइडं विकतो, धंद्याच्या विरुद्ध बोलतोय. इग्नूची सगळी पुस्तकं ईज्ञानकोश या त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, जुने पेपरही साइटवर. आधी ते बघा, मग माझ्याकडे या. सोडवलेल्या असाइनमेंट मागायला येऊ नका, पोरं येतात, एकाच झेरॉक्सवरून तीस जण उतरवतात आणि उत्तरात तीच एक स्पेलिंगची चूक तीस वेळा

भंवरकुआ_पीजी
भिया पकडलंत 🙈

राजेंद्रनगर_आजोबा
आमच्या वेळी प्रायव्हेट परीक्षा असे, फॉर्म भरा आणि पेपर द्या. ना पुस्तकं ना असाइनमेंट. लोक अजूनही प्रायव्हेट म्हणजेच डिस्टन्स समजतात. भाचीला फरक सांगा. बाकी जूनच्या परीक्षेत पंख्याखालचा बाक मिळाला तर अर्धा पेपर सुटला समजायचं.

महूवाली
आजोबा 😂 जूनमध्ये माझा पॅड घामाने चिकटायचा. @तिलकनगरची भाचीला माइग्रेशन सर्टिफिकेटचंही सांगा, दुसरीकडे एमएला जाताना लागतं. आणि मोबाइलमध्ये चार तारखा टाकायला लावा: री-रजिस्ट्रेशन, असाइनमेंट, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट. तारखा पुढे ढकलल्या जातात, पण त्या भरवशावर राहू नका. कुणी फोन करून सांगत नाही.

तिलकनगरची
सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीला शेजारी बसवून पहिलं पान वाचायला लावलं, @बालवाडीबाई तुझं नाव घेऊन. आता प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, त्याआधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या सरकारी खात्याचा नंबर), ते काढायला बसलो तर आधारवर तिच्या नावात एक काना जास्त आणि दहावीच्या मार्कशीटवर कमी. आधार केंद्राची उद्या सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे.

एबीरोड
साडेदहा म्हणजे आधी पोहे होतील

तिलकनगरची
होतील. या वेळी खाणार आहे.