मदत हवी आहे: सीडी (सर्क्युलर डायक्रॉइझम) सिग्नल रेणूचा की सोन्याच्या रचनेचा?

नमस्कार मंडळी,

अ‍ॅलॅनिनची (हे एक अमिनो आम्ल) डावी-उजवी, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी एल आणि डी रूपं प्रकाशाने ओळखायची आहेत, आणि सॅम्पल मिळतं जेमतेम थेंबभर. पोलरीमीटरचा (ध्रुवित प्रकाशाचं प्रतल किती वळतं ते मोजणाऱ्या यंत्राचा) इथे निभाव लागत नाही. साखरेचाच हिशेब बघा. तिचं विशिष्ट वलन +६६.५°, म्हणजे चांगलं मोठं. तरी मिलिलिटरला १ मिलिग्रॅम द्रावण १ मिमीच्या सेलमध्ये भरलं तर प्रकाशाचं प्रतल ०.०००७ अंशही वळत नाही. अ‍ॅलॅनिनचं वलन त्याहून बरंच कमी. नेहमीची सीडी (डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) घ्यावी, तर शोषण खोल यूव्हीत, २०० नॅनोमीटरच्या आसपास. तिथे बफरमधलं क्लोराइडच आडवं येतं.

म्हणून काचेवरच्या, स्वस्तिकाच्या आकाराच्या सोन्याच्या नॅनोरचना वापरतोय. सिग्नल दृश्य प्रकाशात येतो, भरघोस येतो. पण नुसत्या पाण्यातही तो असतोच, कारण रचना स्वतःच कायरल, म्हणजे डाव्या किंवा उजव्या वळणाची. एल-अ‍ॅलॅनिन टाकलं की शिखर तांबड्याकडे सरकतं. डी टाकलं तरी त्याच बाजूला, जवळपास तेवढंच! मग यात रेणूच्या डावं-उजवंपणाचा वाटा किती आणि निव्वळ अपवर्तनांक वाढल्याचा किती? शिवाय काच जागच्या जागी फिरवली की आकडा बदलतो. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

प्रतिसाद १:
आधी फिरवण्याचं बघा, कारण खरी सीडी काच फिरवल्याने बदलत नाही. रचनेत किंवा काचेत थोडं रेषीय द्विअपवर्तन (प्रकाशाच्या ध्रुवणाच्या दिशेनुसार बदलणारा अपवर्तनांक) असलं की ते सीडीच्या रूपात झिरपतं. वेगवेगळ्या कोनांत मोजा, काच पालथी करूनही मोजा आणि सरासरी घ्या. झिरपलेला बराचसा भाग निघून जातो.

अपवर्तनांकासाठी एकाच थेंबाखाली डाव्या आणि उजव्या, दोन्ही वळणांच्या रचना हव्यात. अपवर्तनांकाने दोन्ही शिखरं सारखीच सरकतात, वजाबाकीत ते जातं. उरलेल्याचं चिन्ह एल आणि डीला उलटं आणि रेसिमिक (एल-डी निम्मे-निम्मे) मिश्रणाला शून्य आलं, तरच माझा विश्वास बसेल.

आणि एक. २०१० साली एक्झेटर-ग्लासगोच्या गटाने अशाच रचनांवर मोठा फरक दाखवला तो प्रथिनांवर, त्यातही बीटा-शीट (साखळीच्या चपट्या पट्ट्यांची रचना) जास्त असलेल्यांवर. अ‍ॅलॅनिनसारख्या छोट्या रेणूकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार! दोन्ही वळणांच्या रचना एकाच काचेवर करून घेतो, आणि अ‍ॅलॅनिनच्या आधी बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन (बीटा-शीट जास्त असलेलं प्रथिन) लावून बघतो. रेसिमिक द्रावणाची एकूण संहती एल आणि डीच्या द्रावणांइतकीच ठेवायची ना?

प्रतिसाद १:
हो, अगदी तेवढीच. तापमानही तेच ठेवा.