वसाहत बुडाली, तरी पुन्हा मांडली : तुमचे अनुभव लिहा

खोदकाम

जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' या संगणकावरच्या खेळाच्या सेव्हचा, म्हणजे जतन केलेल्या डावांचा, एक फोल्डर सापडला. ज्या खेळाने सुरुवातीला मला दारातूनच परत पाठवले, त्याच्याशी पुढे सूत कसे जुळले, हे त्या निमित्ताने लिहून काढावेसे वाटले. हा किंवा याच जातकुळीतला एखादा वसाहत उभारण्याचा खेळ ज्यांनी चिकाटीने खेळला आहे, त्यांनीही आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडेसे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा हा खेळ ऑगस्ट २००६ मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि तेव्हापासून त्यात भर पडतच आहे. सात बुटके, एक गाडी आणि जेमतेम सामान घेऊन अनोळखी मुलखात उतरायचे आणि डोंगर पोखरून किल्ला वसवायचा. बुटक्यांना आपण हाताला धरून चालवू शकत नाही. आपण फक्त कामे नेमून देतो, आणि ती कोण करणार, कधी करणार, की त्याआधी दारूच्या पिंपाकडे वळणार, हे ज्याचे तो ठरवतो. खेळाला जिंकण्याची अशी सीमारेषाच नाही, आणि 'हरण्यात मजा आहे' हे त्याचे ब्रीदवाक्य सुरुवातीला मला निव्वळ थट्टा वाटत असे.

ती थट्टा नाही, हे एका सर्वनाशामुळे कळले. किल्ल्यात अन्न होते, दारू होती, दाराशी शत्रू नव्हता. अशा वेळी तिथल्या उमरावाने काचेच्या वस्तू बनवण्याचा हुकूम काढला. आसपास कुठेही वाळू नसल्यामुळे काच तयार होणे शक्यच नव्हते. मुदत उलटली, शिक्षा म्हणून एका कारागिराला हातोड्याचे घाव बसले आणि त्यात तो दगावला. त्याच्या मित्राने दुःखाच्या भरात फर्निचर फोडले आणि आडव्या आलेल्या एकाला जबर मारले. त्या मार खाल्लेल्याचेही मित्र होतेच. किल्ला अर्धा रिकामा झाल्यावर मी खेळ थांबवला आणि उरलेल्या एकेका बुटक्याच्या मनातल्या विचारांची नोंद उलट दिशेने वाचत गेलो. प्रत्येक मृत्यूला मागचे कारण होते, त्या कारणाला आणखी मागचे, आणि सगळ्यांच्या मुळाशी ती न झालेली काच होती. मला तो किल्ला वाचवता आला नाही, परंतु त्या रात्री मी पहिल्यांदा हा खेळ आनंदाने बंद केला.

अर्धविराम

माझा आक्षेप असा आहे की, ज्याला आपण या खेळाची खोली म्हणतो, त्यातला बराचसा भाग केवळ वाईट मांडणीचा होता. जुन्या आवृत्तीत माऊसला जवळजवळ कामच नव्हते. जमिनीवर काय आहे ते पाहण्यासाठी 'के', इमारतीसाठी 'क्यू', इमारतीतल्या वस्तूंसाठी 'टी' आणि बुटक्याची चौकशी करायची तर 'व्ही', अशी चार निरनिराळी बटणे एकाच 'पाहणे' या क्रियेसाठी होती. शेताचा आकार वाढवायला यू, एम, के आणि एच. यात सखोल असे काय आहे?

डिसेंबर २०२२ मध्ये चित्रे, माऊस आणि थोडीफार शिकवणी असलेली आवृत्ती स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आली, तेव्हा मी पुन्हा धीर केला. बुटके तेवढेच हट्टी निघाले आणि पूर तेवढेच वेगाने आले, फरक इतकाच की आता मी मेनूशी न झगडता त्यांच्याशी झगडू शकत होतो. मला गोडी लागली ती तेव्हा, त्याआधी नाही.

गुहावासी

अर्धविराम, तुमची तक्रार रास्त आहे, तरीही जुन्या आवृत्तीत चित्रांऐवजी पडद्यावर जी अक्षरे दिसत, त्यांची बाजू मांडल्यावाचून राहवत नाही. लहान 'जी' म्हणजे गॉब्लिन हे किल्ल्याचे शत्रू, मोठा 'डी' म्हणजे ड्रॅगन, आणि क्षितिजाकडून सरकत येणारा मोठा 'ई' म्हणजे हत्ती, एवढ्यावर आम्ही वर्षे काढली. काही दिवसांनी अक्षर दिसेनासे होते आणि प्राणीच दिसू लागतो. चित्रे असलेली आवृत्ती मीही खेळतो आणि ती सुंदर आहे. पण चित्रातला ड्रॅगन चित्रकाराचा असतो, माझ्या डोक्यातला ड्रॅगन माझा होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी जे पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत हा अक्षरांचाच खेळ होता, हेही सांगून ठेवतो.

मला या खेळाकडे ओढले ते 'बोटमर्डर्ड'च्या बखरीने. २००६-०७ च्या सुमारास काही खेळाडूंनी एकच किल्ला आळीपाळीने चालवला. प्रत्येकाने खेळातले एक वर्ष राज्य करायचे, काय घडले ते लिहायचे आणि सेव्ह पुढच्याच्या स्वाधीन करायची. हत्तींनी त्यांचे जे हाल केले आणि हत्तींवर उपाय म्हणून त्यांनी बाहेर लाव्हा सोडण्याची जी यंत्रणा उभारली, तिचे वर्णन वाचताना मी एकटाच खो खो हसत होतो. यशस्वी किल्ल्याची बखर कोणी इतक्या आवडीने वाचली असती असे मला वाटत नाही.

चिमणपाखरू

मी स्वतः खेळत नाही, माझा भाऊ खेळतो, आणि मी शेजारी बसून वाचते. त्यामुळे माझा अनुभव येथे चालेल की नाही, याची शंका आहे. नवे जग तयार होताना खेळ आधी त्याचा शेकडो वर्षांचा इतिहास घडवतो, त्यातली राज्ये, लढाया, लग्ने आणि राक्षस यांची नोंद ठेवतो, आणि ती नोंद नंतर एखाद्या ग्रंथासारखी चाळता येते. किल्ल्यातले कारागीर भिंतींवर जे कोरतात, तेही याच इतिहासातून येते. एका दालनात एका राणीच्या मृत्यूचा प्रसंग मोठ्या कौशल्याने कोरलेला होता आणि त्याला लागूनच, तितक्याच कौशल्याने, चीजचा एक तुकडा कोरलेला होता, कारण त्या कारागिराला चीज आवडत असे. भावाला त्या वेळी गॉब्लिनांची चिंता होती, मला मात्र त्या कारागिराची वाटू लागली होती.

खोदकाम

चिमणपाखरू, अवश्य चालेल. त्या कारागिराचे पुढे काय झाले?

चिमणपाखरू

तो विहिरीत पडला. चीज अजून भिंतीवर आहे.

सहावा_मजला

मला 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड'बद्दल लिहायचे आहे, कारण क्रूरपणात तो मुळीच मागे नाही. क्लेई एंटरटेनमेंटचा हा खेळ २०१९ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसे घेऊन सुरुवात होते आणि श्वासापासून सांडपाण्यापर्यंत सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, हायड्रोजन वर जमतो, एवढे शाळेतल्या विज्ञानावरही समजते. खरा शत्रू उष्णता आहे, आणि ती इतक्या सावकाश येते की तिचे पाऊल वाजत नाही. प्रत्येक यंत्र, प्रत्येक दिवा, प्रत्येक बॅटरी थोडी थोडी उष्णता सोडत राहते. सगळे सुरळीत चालले आहे अशा समजुतीत आपण नव्या खोल्या बांधत असतो, आणि एके दिवशी शेतातले तापमान ३० अंशांच्या वर गेल्यामुळे 'मीलवुड'ची रोपे वाढायची थांबतात. उपासमार दिसते आज, तिचे कारण मात्र कितीतरी आधी, जनित्र शेताच्या शेजारी बसवले तेव्हा, घडून गेलेले असते.

मग मी तापमानाचा नकाशा सतत उघडा ठेवू लागलो. स्टीम टर्बाइनला १२५ अंशांहून अधिक तापलेली वाफ लागते आणि ते ९५ अंशांचे पाणी परत देऊन मधल्या उष्णतेची वीज करते. हे चक्र पहिल्यांदा आपल्या बळावर फिरू लागले, तेव्हा मला जो आनंद झाला, तो घरातल्या कोणालाही समजावून सांगता आला नाही.

रांगडी_मेंढी

'रिमवर्ल्ड'वाले कोणीच कसे नाहीत? त्यात संकटे कोणत्या लयीत यावीत हे ठरवणारे 'कथाकार' असतात. कॅसांड्रा पायरीपायरीने ताण वाढवते, फीबी मध्ये उसंत देते आणि रँडीला कसलाही धरबंध नाही. माझी अडचण वेगळीच होती. एखादा माणूस मेला की मी मागची सेव्ह उघडत असे आणि त्यामुळे माझ्या वसाहतीत कोणीच मरत नसे, कोणाचे काही बिघडतही नसे, आणि मला लवकरच कंटाळा येत असे. शेवटी मागे जाण्याची सोयच बंद करणारा पर्याय निवडला. त्याच वसाहतीत माझी एकुलती एक डॉक्टर गोळी लागून गेली आणि कुत्र्यांशिवाय कशातही गती नसलेल्या एका माणसाला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. त्याच्या हातून वाचलेल्या पहिल्या रुग्णाचे नाव मला अजून आठवते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवावीशी वाटते: धाडीचा आकार वसाहतीच्या संपत्तीवर आणि माणसांच्या संख्येवर अवलंबून असतो. सोन्याची फरशी घातली की दरोडेखोरही त्याच तोलाचे येतात. हे कळल्यापासून मी खेळात फार साधा राहतो.

वाफाळ

सेव्हच्या बाबतीत माझे मत उलट आहे. नवशिक्याने खुशाल मागे जावे. एकाच पुराशी पुन्हा पुन्हा गाठ पडल्यावाचून पाण्याचा दाब कसा चालतो, हे मला कधीच कळले नसते.

अर्धविराम

मलाही तसेच वाटते. शिवाय विकी, म्हणजे खेळाडूंनी लिहिलेला खेळाचा माहितीकोश, उघडून खेळण्याला काही लोक कमीपणा मानतात, ते मला पटत नाही. बुटक्यांच्या शेतातले प्लम्प हेल्मेट नावाचे अळंबे शिजवल्यास बी उरत नाही आणि त्याची दारू गाळल्यास उरते, हे उपाशी मरून शिकण्यात कोणता पराक्रम आहे?

कानोसा

दारूचा विषय निघालाच आहे, तर मांजरांचा किस्सा सांगायलाच हवा. डिसेंबर २०१५ मध्ये खेळात मद्यशाळा आल्या आणि त्यानंतर किल्ल्यांमध्ये मांजरे ओकाऱ्या करून मरू लागली. शोध घेतल्यावर कारण सापडले ते असे की, बुटके पेल्यातली दारू जमिनीवर सांडत होते, मांजरे त्यातून चालत जात होती आणि मग आपल्या सवयीप्रमाणे पंजे चाटून स्वच्छ करत होती. पंजाला लागलेली दारू हिशेबात चुकून पेलाभर धरली जात होती, आणि तेवढी दारू एवढ्याशा देहाला सोसणे शक्य नव्हते. मांजराने दारू प्यावी असे कोणीही लिहिलेले नव्हते. सांडणे, पायाला लागणे, चाटणे, वजनाच्या प्रमाणात नशा चढणे, हे सगळे नियम वेगवेगळ्या कारणांनी आधीच तिथे होते आणि ते एकमेकांना जाऊन मिळाले. मी हा किस्सा वाचला आणि त्याच संध्याकाळी खेळ उतरवून घेतला. सुरुवातीचा किल्ला मात्र मांजरांमुळेच मंदावला, कारण त्यांची पिल्ले मोजण्यापलीकडे गेली आणि संगणकाला प्रत्येकीची वाट शोधत बसावे लागले.

तळघर

मी सध्याच सुरुवात केली आहे आणि अनुभव लिहिण्याइतकी टिकलेलीच नाही. दोन पातळ्या खाली गेले की जिना पाण्याने भरतो. कोणी मदत करू शकेल काय?

वाफाळ

तो अ‍ॅक्विफर, म्हणजे पाणी झिरपणारा थर आहे. हलका असेल तर पाणी सावकाश येते. जिन्याभोवतीचा ओला खडक थोडा थोडा काढून तिथे लगेच दगडी भिंत बांधत जावे आणि खाली उतरावे. जड असेल तर सध्या तरी दुसरी जागा निवडणे बरे. जागा निवडतानाच खेळ त्याची सूचना देतो. आणि पाणी कधी मुद्दाम आत घ्यायचे झाले, तर कालव्यात एक तिरकी फट ठेवावी, त्यातून गेले की दाब उरत नाही.

तळघर

हलका निघाला आणि जमले! आता एक बुटका कारागिराची खोली अडवून बसला आहे आणि शिंपले मागतो आहे. हे काय प्रकरण आहे?

गुहावासी

अंगात आले आहे त्याच्या. हवे ते सगळे साहित्य मिळाले तर एक अजोड वस्तू घडवील आणि बहुधा त्या कलेत जन्माचा निष्णात होईल. मिळाले नाही तर त्याला वेड लागेल, आणि ते वेड खचून जाण्याचे असेल की कुऱ्हाड घेऊन धावण्याचे, हे आधी सांगता येत नाही. शिंपले नसतील तर ओढ्यावर मासेमारी लावावी आणि व्यापारी तांड्याकडेही चौकशी करावी. तोवर त्या खोलीला दार बसवून कुलूप लावण्याची तयारी ठेवावी. हे मी निर्दयपणे सांगतो आहे असे वाटेल, पण बाहेर लहान मुले आहेत.

तळघर

कुलूप लावले आहे. तो आतून शिंपल्यांची चित्रे काढून दाखवतो आहे. मला त्याचे फार वाईट वाटते आणि तरीही खेळ बंद करवत नाही.

खोदकाम

अनुभव लिहिण्याइतकी टिकलेली नाही म्हणता, आणि हा काय आहे मग?

गुहावासी यांनी बखरीची आठवण काढली आहे, तर आपणही एक किल्ला आळीपाळीने चालवावा असे सुचवतो. प्रत्येकाने खेळातले एक वर्ष सांभाळायचे आणि काय घडले ते येथे लिहायचे. पहिले वर्ष मी घेतो.

कानोसा

माझे नाव धरा. मांजरे न्यायची नाहीत, एवढीच अट.

अर्धविराम

चित्रांची आवृत्ती असेल तर मीही आहे, आणि विकी उघडी ठेवीन.

चिमणपाखरू

माझ्या वर्षी भाऊ खेळेल आणि बखर मी लिहीन.

गुहावासी

दुसरे वर्ष माझे. जागा निवडताना एवढे पाहा, की तिथे हत्ती नसावेत.