कोडॅक झोपलेलं नव्हतं

फोटोच्या फिल्मचे रोल बनवणारी कोडॅक कंपनी डिजिटलच्या काळात का मागे पडली, यावर ‘कोडॅकने १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा बनवला आणि कपाटात ठेवून दिला’ असं बरेच जण म्हणतात. कोडॅकचा इंजिनिअर स्टीव्ह सॅसन याने बनवलेल्या त्या कॅमेऱ्यापुरतं ठीक, पण पुढचं सगळं राहून जातं. आज आपल्या बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर, रंग ओळखायला लाल-हिरव्या-निळ्या चौकटींची जाळी असते, ती कोडॅकच्याच ब्राइस बायरची. पेटंट १९७६ चं. १९९१ मध्ये त्यांनी निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर १.३ मेगापिक्सेलचा डीसीएस हा डिजिटल कॅमेरा विकायला काढला. फोटो साठवायचा डबा वेगळा, तो खांद्याला अडकवून फिरायचं! आणि २००५ मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत पहिला नंबर कोडॅकचाच होता.

म्हणजे डिजिटल त्यांना जमत होतं, त्यातून पैसा सुटत नव्हता. फिल्मच्या धंद्यात आधी रोल, मग धुलाईची रसायनं, मग प्रिंटचा कागद, दर टप्प्याला कमाई. डिजिटल कॅमेरा एकदा विकला की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं फिरकत नाही. कोडॅकसारखीच फिल्म बनवणारी जपानी कंपनी फुजीफिल्म चांगल्या कॅमेऱ्यांमुळे तरली असं म्हणतात, हेही मला पटत नाही. फिल्म बनवण्याच्या त्याच रसायनशास्त्रातून त्यांनी एलसीडी पडद्यांना लागणारी फिल्म काढली, पुढे सौंदर्यप्रसाधनंसुद्धा. खरा आधार तिथून मिळाला.