वाळवंटी हवेतून पाणी: विदर्भाच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल का?

निवृत्त अभियंता, धरमपेठ
हवेतून पाणी काढणारी यंत्रे वाळवंटात चालतात, तर नागपूरच्या मे महिन्यात का नकोत, असे हल्ली आग्रहाने विचारले जाते. हवा गार करून पाणी काढणारे यंत्र येथे बसवणे हा विजेचा निव्वळ अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तापमान 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना एक घनमीटर हवेत जेमतेम 10 ग्रॅम बाष्प असते, आणि ती हवा सुमारे 12 अंशांपर्यंत थंड केल्याशिवाय पहिला थेंबही पडत नाही. ज्या कोरडेपणामुळे आपले कूलर घर गार करतात, तोच या यंत्रांना नाडतो.

रसायनशास्त्राची प्राध्यापिका, प्रतापनगर
आपले गणित बरोबर आहे, परंतु त्यावरून सगळा विषय निकालात काढणे मला पटत नाही. ओमर याघी यांना सुसुमु कितागावा आणि रिचर्ड रॉब्सन यांच्यासह 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या सच्छिद्र स्फटिकांसाठी मिळाले, त्यांतील काही स्फटिक रात्री, हवा निवून आर्द्रता वाढली की, बाष्प धरून ठेवतात आणि तापवल्यावर सोडतात. ते बाष्प बंद पेटीत दाटल्यामुळे बाहेरच्या हवेच्या तापमानालाही त्याचे पाणी होऊ शकते, म्हणजे आपली 12 अंशांची अट तेथे उरत नाही. 2019 मध्ये अमेरिकेतील मोहावे वाळवंटात अशा ॲल्युमिनियमयुक्त स्फटिकाने प्रति किलो रोज 0.7 लिटर पाणी दिले.

निवृत्त अभियंता, धरमपेठ
म्हणजे चौघांच्या कुटुंबाला पिण्यापुरते रोज 12 लिटर हवे असेल, तर सुमारे 17 किलो स्फटिक लागतील. आपल्याकडे वर्षाला साधारण 1,000 मिलिमीटर पाऊस पडतो. 100 चौरस मीटर छतावरून, पाचवा हिस्सा वाया गेला तरी, 80,000 लिटर मिळतात.

पाणी कार्यकर्ता, हिंगणा
यंत्रापेक्षा देखभालीचा प्रश्न मला मोठा वाटतो. चिलीच्या कोरड्या किनाऱ्यावरील चुंगुंगो गावाला 1990 च्या दशकात डोंगरावरील जाळ्यांनी धुके अडवून रोज सरासरी 15,000 लिटर पाणी दिले, तरीही पुढे ती जाळी दुरुस्तीअभावी निकामी झाली. आपल्याकडे तर तसे धुकेही नाही. शिवाय हवेतून मिळालेल्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, पण धूळ आणि जंतू शिरतात. म्हणून गाळणी, निर्जंतुकीकरण आणि टाकीची सफाई सांभाळणारा माणूस गावात हवाच.

रसायनशास्त्राची प्राध्यापिका, प्रतापनगर
देखभालीचा मुद्दा मी मानते. मात्र यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे, तेथे रोजचे 12 लिटर निर्दोष पाणीसुद्धा मुलांचे दात आणि हाडे वाचवू शकते. पावसाचे पाणी मे महिन्यापर्यंत टिकवायचे कसे, हे आपण सांगितलेले नाही.

निवृत्त अभियंता, धरमपेठ
केवळ पिण्यासाठी, आठ कोरड्या महिन्यांना, त्या कुटुंबास 3,000 लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, उन्हाचा शिरकाव होऊ देऊ नये आणि पिण्यापूर्वी पाणी उकळावे. फ्लोराइडग्रस्त गावांत निधी आधी या टाक्यांना मिळावा. जेथे पक्के छतच नाही, अशा घरांसाठी आपल्या स्फटिकांची चाचणी घेण्यास माझा विरोध नाही.