मदत हवी: आल्फा ०.३४ येतोय, परवा गाईडना दाखवायचंय!!

अर्धवट_थिसिस: एमए सायकॉलॉजी, शेवटचं सेम. हुकूमशाही वृत्ती आणि मतदान असा विषय घेतलाय, स्केलचं (वृत्ती मोजणारी प्रश्नावली) मराठी भाषांतर मीच केलं, १४० फॉर्म झाले आणि क्रॉनबॅक आल्फा, म्हणजे वाक्यांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, ०.३४ इतका कमी. कुठले आयटम (वाक्यं) उडवले की वर जाईल तेवढंच सांगा, लेक्चर नको.

रांगडा_सातारकर: कुठलं स्केल? उलटी वाक्यं, म्हणजे ज्यांना 'सहमत' म्हटलं की हुकूमशाहीच्या विरुद्ध जातं ती, त्यांचे गुण रिव्हर्स केलेस का? नुसतं दुखतंय म्हणून डॉक्टर काय सांगणार.

अर्धवट_थिसिस: कॅनडाच्या आल्टमायरचं, आरडब्ल्यूए म्हणजे राइट-विंग ऑथॉरिटेरियनिझम. रिव्हर्स केलंय हो, तेवढं कळतं.

चष्मा_कुठंय: कॅनडातलं स्केल इथे लावायचंच कशाला? वडीलधाऱ्यांचं ऐकावं याला आपल्याकडे कोण नाही म्हणेल? याला संस्कार म्हणतात.

रांगडा_सातारकर: अहो म्हणून तर उलटी वाक्यं असतात! हुकूमशाही वृत्ती मोजायच्या जुन्या, १९५० च्या अडॉर्नोच्या एफ स्केलमध्ये सगळी वाक्यं एकाच बाजूची, नुसता मान डोलावणारा पण हुकूमशहा ठरायचा, १९८१ मध्ये आल्टमायरने निम्मी उलटी टाकली.

निवृत्त_बापू: पीएचडी करणार असाल तर पेटची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, तयारी आत्तापासून करा. भाच्याची दोन वर्षं गेली.

फिरता_सर्वेवाला: फॉर्म कुणासमोर भरले? लोकनीती या निवडणूक सर्वे करणाऱ्या संस्थेच्या सर्वेत मत कुणाला ते विचारताना डमी मतपत्रिका आणि पेटी देतात. सासऱ्यासमोर सून खरं बोलते होय?

अर्धवट_थिसिस: सासरे नव्हते, अंगणवाडीत मीच वाचून दाखवलं, बऱ्याच जणींना लिहिता येत नाही.

रांगडा_सातारकर: हे आत्ता सांगतेस? एक उलटं वाक्य टाक बघू इथे.

अर्धवट_थिसिस: 'सरकारवर टीका करणाऱ्यांना गप्प बसवणं योग्य नाही.' एक काकू म्हणाल्या, "नाही बाई, गप्प कशाला बसवायचं?" मी असहमतवर टिक केली.

रांगडा_सातारकर: इथेच माशी शिंकली. काकू सहमत होत्या गं!

अर्धवट_थिसिस: अरे देवा. उलट्या सगळ्याच वाक्यांत 'नाही' घातलंय मी. ती सगळी उडवली तर?

रांगडा_सातारकर: आल्फा चढेल, पण तू परत १९५० मध्ये. 'टीका करणाऱ्यांना बोलू द्यावं' असं सरळ लिही, पाचसहा जणींना पुन्हा विचारून बघ, आणि गाईडना खरं काय झालं ते सांग.

चष्मा_कुठंय: माझ्या मुद्द्याला उत्तर नाहीच दिलंत.

अर्धवट_थिसिस: उद्या सकाळी आधी त्या काकूंकडेच जाते.

निवृत्त_बापू: पेटचा फॉर्म निघाला का कुठे?