मदत हवी आहे : यातले राजाराम कोणते?

नमस्कार मंडळी. वाचनालयासाठी मराठ्यांच्या इतिहासाची नामसूची करतोय आणि छत्रपतींच्या नावांपाशी अडकलोय. बाजीराव पहिले-दुसरे, माधवराव-सवाई माधवराव हे पेशवे सोपे; वेगळी ओळख आधीच रूढ आहे. पण राजाराम घ्या. एक शिवरायांचे धाकटे पुत्र (१६७०-१७००), जिंजीहून राज्य राखणारे. दुसरे कोल्हापूरचे, विलायतेहून परतताना १८७० मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सला वारलेले. तिथे त्यांचं स्मारक आहे. तिसरे राजर्षी शाहूंचे पुत्र. शिवाय साताऱ्याचे रामराजे, तेही राजारामच! शाहूंचं तर विचारूच नका. साताऱ्याचे शाहू (१६८२-१७४९) आणि राजर्षी शाहू (१८७४-१९२२) यांची भाषणांतसुद्धा सर्रास सरमिसळ होते. १७३१ च्या वारणेच्या तहातले कोल्हापूरचे संभाजी म्हणजे साताऱ्याच्या शाहूंचे चुलतभाऊ, वडील नव्हेत, हेही सांगावं लागतं.

'पहिले, दुसरे' लिहावं, तर सातारा आणि कोल्हापूर गाद्यांचे क्रमांक वेगळे. मला गादी आणि वडिलांचं नाव देणं बरं वाटतं, पण नोंदी लांबतात. ग्रंथपाल किंवा इतिहासाचे शिक्षक कोणी असाल तर सांगा, तुम्ही कसं करता? शाळकरी मुलांना पटकन सापडायला हवं.