शब्दचर्चा: 'लिरिक एसे'ला मराठीत काय म्हणायचं? 'ललित' पुरतं का?

ऊसमळा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका दिवाळी अंकाला मी लेख दिलाय. विषय आमचं बंद पडलेलं गुऱ्हाळ. लेखाची घडण अशी आहे: आजोबांच्या हिशेबाच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा, मग दोन परिच्छेद माझे, मग कोरी जागा, मग अडत दुकानाच्या पट्टीवरचा, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावरचा मजकूर, मग चार ओळी ज्यांना कोणी कविता म्हणेल. सलग गोष्ट नाही, शेवटी निष्कर्ष नाही. तुकड्यांमधली जागा वाचणाऱ्यानं आपली आपण भरायची.

अंकाच्या अनुक्रमणिकेत कथा, कविता, ललित, वैचारिक असे कप्पे आहेत. मी 'ललित' लिहून दिलं. संपादकांचा फोन आला: "हे ललित नव्हे. ललित वाहतं, हे सारखं तुटतंय. आणि लघुनिबंध तर नाहीच." इंग्रजीत या प्रकाराला लिरिक एसे म्हणतात असं मी सांगितलं. ते म्हणाले, मराठी शब्द द्या, तोच छापतो.

माझी अडचण अशी की 'ललित' म्हटलं की भाव आणि लय येते, पण एसेमधला शोध, विचार गळून पडतो. 'निबंध' म्हटलं की उलट होतं. तुम्ही काय म्हणाल?

भाषांतरघर

आधी मूळ संज्ञेची कुळकथा सांगते. 'सेनेका रिव्ह्यू' हे न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावच्या एका कॉलेजचं साहित्यिक नियतकालिक. डेबोरा टॉल आणि जॉन डॅगाटा यांनी १९९७ साली त्यात लिरिक एसे हा प्रकार नाव देऊन पुढे आणला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: कवितेकडून घनता, घाट आणि भाषेचा नाद घ्यायचा, निबंधाकडून वजन आणि वस्तुस्थितीशी भिडण्याची उघड इच्छा घ्यायची. म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीच्या.

हिंदीत 'ललित निबंध' हा शब्द केव्हाचा रुळलाय. हजारीप्रसाद द्विवेदी, विद्यानिवास मिश्र, कुबेरनाथ राय यांचं लेखन त्याच नावानं ओळखलं जातं. मराठीतही दोन्ही शब्द घरचे आहेत. 'ललित निबंध' छापा आणि मोकळ्या व्हा. मी माझ्या अनुवादांत हाच वापरते.

करवीर_वाचक

ताई, कोल्हापुरात बसून हे विचारताय म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा पेच या गावाला नवा नाही. ना. सी. फडके इथं राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. 'रत्नाकर' मासिकात त्यांनी खासगी सुरातले जे छोटे लेख सुरू केले त्यांना नाव दिलं गुजगोष्टी. त्याच नावाचं पुस्तक १९३३ साली आलं. साधारण त्याच काळात सावंतवाडीच्या 'वैनतेय' साप्ताहिकात वि. स. खांडेकर त्याच जातीचं लिहीत होते. पुढे १९३८ मध्ये खांडेकरही कोल्हापूरला राहायला आले. आधी कोणी लिहिलं यावर समीक्षक पुष्कळ भांडले. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही, नाव कसं सापडलं ते महत्त्वाचं वाटतं.

फडक्यांसमोरही इंग्रजी पर्सनल एसेच होता. 'वैयक्तिक निबंध' असं भाषांतर करून त्यांना थांबता आलं असतं. त्यांनी तो लेख कोणत्या आवाजात बोलतो ते ऐकलं. गुह्य, प्राकृतात गुज्झ, मराठीत गूज. ज्ञानेश्वरीपासूनचा शब्द. कानाशी लागून सांगायची गोष्ट. वाचकानं तो शब्द एका दमात उचलला.

तेव्हा तुमचा लेख काय करतो ते आधी ठरवा. इंग्रजी नावाचे दोन अर्धे सुटे करून, त्यांना मराठी प्रतिशब्द लावून पुन्हा जोडले तर जे हाती येतं ते कोशात राहतं, तोंडात येत नाही.

संपादकांचं एक म्हणणं मला मान्य आहे. लघुनिबंधाला ठरीव साचा होता. किरकोळ विषयावरून सुरुवात, गप्पांचा सूर, मग एखादा विचार, शेवटी कलाटणी. तुमचा लेख त्यात बसणार नाही. पण 'ललित वाहतं' हे विधान मला सपशेल अमान्य. श्रीनिवास कुलकर्णींचा 'डोह' १९६५ चा. औदुंबरच्या कृष्णाकाठचं बालपण आहे त्यात, पण आठवणींची साखळी नाही. ग्रेस यांचं गद्य घ्या. ते तर वाक्यावाक्याला तुटतं आणि दूरवर जाऊन जुळतं. आपल्याकडे वस्तू आहे, तिचं वेगळं नाव नाही. 'ललित'च्या पोतडीत आपण प्रवासवर्णनापासून व्यक्तिचित्रापर्यंत सगळं कोंबलं, त्यामुळे आतलं काही वेगळं दिसेनासं झालं.

शब्दशोध

व्युत्पत्तीकडे कोणी पाहत नाही म्हणून लिहितो. 'निबंध' हा शब्दच इथं उलटा पडतो. नि + बंध, घट्ट बांधणे. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे अनेक ग्रंथांतली वचनं एकत्र बांधलेला संग्रह. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली आणि निबंधाला वादाची धार आली. आता फ्रेंचकडे पाहा. माँतेञ या लेखकानं १५८० मध्ये आपल्या लेखनाला 'एसे' म्हटलं तेव्हा त्याचा अर्थ होता प्रयत्न, अजमावून पाहणं. एक भाषा चाचपडते म्हणते, दुसरी बांधते म्हणते. ऊसमळा ताईंचा लेख चाचपडणारा आहे, त्यावर 'निबंध' ठेवला की पहिल्या शब्दालाच गाठ बसली.

'ललित'चं उलट. मूळ धातू लल्, खेळणे. लाड, लळा ही त्याच कुळातली मंडळी. शिवाय लळित! नवरात्राच्या उत्सवाच्या शेवटी होणारं लळित, त्यात एकामागून एक सोंगं येतात, सलग कथा नसते. मला तर हा थेट पुरावा वाटतो की 'ललित'मध्ये तुटकपणाला जागा होतीच.

माझी सूचना: चंपू. गद्य आणि पद्य एकत्र असलेलं काव्य म्हणजे चंपू, अशी संस्कृतात सरळ व्याख्या आहे. त्रिविक्रमभट्टाचा 'नलचंपू' दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या काळातला, म्हणजे आपल्याच मुलखातला. अकराशे वर्षांचा तयार शब्द पडून आहे.

मंगळवारपेठ

चंपू? अहो सर, आमच्याकडं कुणाला चंपू म्हटलं तर मारामारी हुईल. अनुक्रमणिकेत 'चंपू: गुऱ्हाळ' असं छापलं तर पान कोण उघडणार?

ताई, लई विचार करू नका. 'लिरिक एसे'च लिहा. उद्यमनगरात लेथला लेथ म्हणतात. सरकारी पुस्तकात कातयंत्र हाय, पण कारखान्यात तो शब्द मी कधी ऐकला नाही. ज्यानं वस्तू केली त्यानं दिलेलं नावच वस्तूला लागतं. कादंबरी, कथा, कविता लिहिणाऱ्यांनी ब्लॉग शब्द घेतलाच की.

करवीर_वाचक

कादंबरीचं नाव काढलंत ते बरं झालं. तो शब्द बाणभट्टाच्या एका संस्कृत कलाकृतीचं नाव आहे. इंग्रजी नॉव्हेलला मराठीनं ते अख्खं नाव दिलं आणि आज कोणाला त्यात परकं काही दिसत नाही. लेथ तयार होऊन बाहेरून आला. लेखनप्रकार तसा येत नाही, तो इथंच भाषेत घडावा लागतो. म्हणून नावही इथलं असावं, एवढाच माझा आग्रह. याला शुद्धीवाद म्हणू नका.

आणि शुद्धीवादाबद्दलही या गावात बोलताना जपून बोलावं. माधव जूलियन राजाराम कॉलेजातच शिकवत. १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश करणारा, मराठीला गझल देणारा हा माणूस १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. फारसी ज्याच्या इतकी नसानसांत होती तोच म्हणाला, मराठीनं आपले शब्द वापरावेत. त्यांचं सगळं मला पटत नाही. पण अज्ञानातून आलेला तो आग्रह नव्हता.

भाषांतरघर

सर, आदर राखून सांगते, त्याच जूलियनांच्या कवितेतले फारसी शब्द आज आपल्याला गोड लागतात आणि त्यांचे शुद्ध पर्याय बहुतेकांना आठवतही नाहीत. वापरानं निकाल दिला. 'ललित निबंध'ला हिंदीत वापरानंच मान्यता दिली.

जुना_उपसंपादक

नावाआधी एक प्रश्न राहून जातोय. ऊसमळा ताईंनी वहीतल्या ओळी 'जशाच्या तशा' घेतल्यात म्हणतात. खरोखर जशाच्या तशा का?

विचारायचं कारण सांगतो. ज्या डॅगाटांचं नाव वर आलं, त्यांनी लास वेगासमधल्या एका मुलाच्या आत्महत्येवर लेख लिहिला. मासिकाच्या तपासनिसानं त्यातलं एकेक वाक्य पडताळलं. लेखात शहरातल्या एका प्रकारच्या क्लबांचा आकडा ३४ होता, आधारात ३१. विचारल्यावर उत्तर आलं की वाक्याच्या लयीला ३४ बरा वाटला. हा वाद २०१२ मध्ये पुस्तकरूपानं आला. मी बातमीच्या टेबलावर आयुष्य काढलं, मला हे सहन होत नाही. मेलेल्या मुलावरच्या लेखात लयीसाठी आकडा बदलायचा?

मराठीत 'ललित' म्हटलं की वाचक थोडी कल्पना गृहीत धरतो. 'निबंध' म्हटलं की धरत नाही. म्हणजे नाव हा वाचकाशी केलेला करार आहे. ताईंनी आकड्यांना हात लावला नसेल तर 'निबंध' हा शब्द त्यांनी सोडू नये, मग शब्दशोध काहीही म्हणोत.

ऊसमळा

उपसंपादक काका, एकाही आकड्याला हात लावलेला नाही. माझ्या दृष्टीनं लेखाचा जीवच तो आहे. एक तुकडा इथं देते, म्हणजे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलू.

वहीत आजोबा रोजची आधणं लिहीत. आधण म्हणजे काहिलीत, गुळाच्या मोठ्या कढईत, एका वेळी उकळलेला रस. प्रत्येक आधणासमोर ऊस कोणाचा, रवे किती, आणि शेवटी एक शब्दाचा शेरा: 'पिवळा', 'काळपट', 'मऊ'. गूळ मऊ का झाला ते लिहिलेलं नसतं. एका पानावर आधणांच्या रकान्यात फक्त 'मळी जास्त' आणि त्याखाली, त्याच शाईत, त्याच अक्षरात, 'थोरलीचं पत्र आलं नाही'. थोरली म्हणजे माझी आत्या. पुढच्या ओळीत पुन्हा रवे. मी त्या पानावर काहीही भाष्य केलेलं नाही. त्याच्या खाली काहिलीतली मळी कशी काढतात ते लिहिलंय: भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की घाण वर येते, झाऱ्यानं ती सारखी काढत राहायचं, हात थांबला की गूळ काळा पडतो. मग कोरी जागा.

संपादक म्हणतात ही जागा वाया गेली. मला वाटतं आत्याबद्दल जे बोलायचं ते तिथंच आहे. म्हणून 'गूज' मला जवळचा वाटतो, पण इथं कोणी कानाशी लागून सांगत नाही, उलट सांगायचं टाळतंय. भावनिबंध, मुक्तबंध हेही मनात येऊन गेले. 'भाव' शब्दानं मला भावगीतच ऐकू येतं.

लेखणी_पुणे

तुकडा फार आवडला. एक शंका: 'रवे किती' म्हणजे? रवा म्हणजे आम्हाला उपम्याचा. गुळाची ढेप असते ना? छापताना वाचक अडखळेल, 'ढेपा' करा.

मंगळवारपेठ

ढेपा अजिबात करू नका ताई! कोल्हापुरात गुळाचा रवाच. मार्केट यार्डात जाऊन ढेप मागा, समजेल त्यांना, पण भाव रव्याचा सांगतील. आजोबांनी रवे लिहिलंय तर रवेच.

शब्दशोध

रवा म्हणजे मूळ कण. चांगल्या गुळाला आपण 'रवाळ' म्हणतो, पोत दाणेदार म्हणून. माझा तर्क असा की दाण्याचं नाव अख्ख्या गोळ्याला लागलं. ढेप मात्र ढेकळाच्या जवळची वाटते. पेंडीचीही ढेप असते.

जुना_उपसंपादक

तर्क आकर्षक आहे, पण कण आणि मणभर गोळा एकाच शब्दात? कोणाकडे जुना दाखला आहे का? आणि लेखणी, हिशेबातला शब्द बदलायचा सल्ला देऊ नका. तो बदलला की आकडा बदलल्यासारखंच आहे.

लेखणी_पुणे

मान्य. पण तळटीप तरी द्या. आमच्याकडे बारामतीच्या मामांच्या घरी लहान गोळ्याला भेली म्हणत, मोठ्याला ढेप. रवा मी आज पहिल्यांदा ऐकला.

भाषांतरघर

तळटीप नको. तुकड्यांच्या लेखात तळटीप हा आणखी एक तुकडा होतो. ती द्यायची तर लेखातच, वहीच्या शेजारी.

करवीर_वाचक

भेली हिंदीतही आहे. आमच्या घरी पट्टीवर 'रवे' असा छापील रकाना होता असं मला पक्कं आठवतं, वजनाच्या अलीकडे. ताई, तुमच्याकडे पट्ट्या आहेत ना? त्यावर काय छापलंय ते पाहून लिहा.

मंगळवारपेठ

सर, आमच्या काकांच्या पट्टीवर 'नग' असा रकाना हाय. रवे पेनानं लिहिलेत.